एका टोकनला एक दुखणं

"चौघांना काय होतंय?" काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"पाठ," धाकटी म्हणाली.

"थकवा," भाऊजी म्हणाले आणि कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे छताकडे बघू लागले.

"खोकला," किल्लीवाले काका म्हणाले आणि लगेच खोकूनही दाखवलं. खोकायचं ठरलं नव्हतं. पण घेतलेलं काम अर्धवट करणं काकांच्या रक्तात नव्हतं.

चौथी ताई. ती मागे खुर्चीत बसून होती, कारण फार वेळ उभं राहणं आता तिला जमत नव्हतं. तिच्या वाट्याला तहान ठेवली होती. "मला तहान फार लागते," ती म्हणाली, आणि वर उगाच ओशाळून, "म्हणजे तसं विशेष काही नाही."

यंत्राने चार टोकनं बाहेर टाकली.

खरं म्हणजे धाकटीच्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं. त्याच पाठीच्या जोरावर ती दिवसभर लॉन्ड्रीत उभी राहून गिऱ्हाइकांशी भांडायची. भाऊजी थकले होते, पण ते काळजीने. आणि काकांचा खोकला तर आत्ता, याच फरशीवर जन्माला आला होता. चारही दुखणी एकट्या ताईची. जड कपाट जिन्यावरून नेताना चौघं चार कोपरे धरतात, तशी ती त्या तिघांनी तिच्याबरोबर उचलून आणली होती.

कारण भिंतीवर पाटी होती. निळी अक्षरं, स्वच्छ काच. 'एका टोकनवर एकच तक्रार सांगावी. एका रुग्णास दिवसातून एकच टोकन मिळेल. सहकार्य करावे.'

आणि ताई किती तरी महिने सहकार्य करत होती.

पाठ

या टोकनावर फक्त पाठीचं बोलायचं.

दोघी बहिणी मिळून लॉन्ड्री चालवत. कपडे घेणं-देणं, वसुली, वादावादी धाकटीकडे, इस्त्री ताईकडे. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, आणि अंग सगळ्यात शेवटी. या क्रमात ताईने उभ्या आयुष्यात कधी बदल केला नाही. ती होतीच तशी. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी दिवा हिरवा होईपर्यंत थांबणारी. धाकटी पलीकडच्या फुटपाथवर पोचून कमरेवर हात ठेवून बघत राहायची आणि ओरडायची, "ये आता, का वाहतूक पोलीस हवाय हाताला धरून आणायला?" ताई लाल दिव्याकडे बोट दाखवायची.

पाठ दुखायला लागली तेव्हा ताईने आधी उशी बदलून बघितली, मग गादी, मग भाऊजींवर रागावून बघितलं. उपयोग होईना, तेव्हा टोकन घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"इस्त्री."

"मग दुखणारच."

ते 'मग दुखणारच' त्यांनी मोठ्या समाधानाने म्हटलं. हरवलेला चष्मा डोक्यावरच सापडावा तसा. दुखण्याची गोळी लिहून दिली, वाकू नका म्हणाले. न वाकता इस्त्री कशी करायची हे दुसऱ्या टोकनात बसलं असतं, म्हणून ताईने ते विचारलं नाही.

गोळीने चार दिवस बरं वाटलं. मग नाही. पुन्हा टोकन, डॉक्टर दुसरे, पण कामाचा प्रश्न तोच आणि उत्तराचा आनंदही तोच. गोळी आणखी जोराची. मग तिसऱ्यांदा तीच गोळी, सकाळ-संध्याकाळ, "लागेल तशी घेत राहा." ताई घेत राहिली. सांगितलेलं करणं तिला येतच होतं.

साधा मळलेला सदरा कोणी काउंटरवर टाकला तरी धाकटी तो उलटसुलट करते, काख बघते, खिसे चाचपते, डाग कुठे आहेत ते गिऱ्हाइकाच्या समोर बोट ठेवून दाखवते आणि मगच आत घेते. आणि इथे तीनदा पाठ दाखवायला गेलेल्या बाईच्या पाठीला एकदाही कोणाचा हात लागला नव्हता. पाठ खुर्चीला टेकलेली होती. ती तशीच टेकलेली ठेवून तिच्यावर इलाज झाला.

(त्याच दिवशी दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना ताईला दम लागला होता. पण ते इथे नाही.)

थकवा

या टोकनावर फक्त थकवा.

ताई इस्त्री करता करता मध्येच स्टुलावर बसायला लागली. बसणारी ताई ही दुकानाने कधी न पाहिलेली गोष्ट. गिऱ्हाइकंही विचारू लागली. ताईला तेच जास्त लागलं.

बोटातून रक्त काढलं, रक्त कमी निघालं. डॉक्टरीण म्हणाल्या, बायकांचं असंच असतं, सगळ्यांना खायला घालून मग स्वतः जेवता. ताईच्या घरात भाऊजी स्वयंपाक करतात आणि पहिला घास तिच्या ताटात वाढतात, हे सांगायला ताईने तोंड उघडलं होतं. तोपर्यंत लोहाच्या गोळ्या लिहून झाल्या होत्या.

रक्त कमी आहे हे कळलं. का कमी आहे, हा पुढचा प्रश्न. पुढच्या प्रश्नाला पुढचं टोकन.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" असंही तिला कोणी विचारलं नाही, आणि ताईने आपण होऊन सांगितलं नाही. पाठीची गोळी हा पाठीचा विषय. तो इथे काढणं म्हणजे रांगेत मधे घुसण्यासारखं.

खोकला

खोकला आला, ताप आला. औषधाचा कोर्स घेतला, गेला. परत आला. वेगळे डॉक्टर, वेगळा कोर्स, परत गेला. परत आला.

"हवा बदलतेय," डॉक्टर म्हणाले.

हवा सगळ्यांचीच बदलत होती. दुकानात त्याच हवेत धाकटी उभी होती, शेजारी काका कानशी घासत बसलेले होते.

तहान

"गरम इस्त्रीजवळ उभ्या राहता, तहान लागणारच." साखर तपासली. साखर नव्हती. डॉक्टर हसून म्हणाले, छान, काळजीचं कारण नाही. ताईलाही बरं वाटलं. शाळेत पास झाल्यासारखं.

(पोट साफ होत नव्हतं. तेही होतं. त्याचं टोकन घ्यायचं राहून गेलं.)

म्हणजे बघा, प्रत्येकाने आपापलं काम केलं. पाठीला पाठीचं औषध, खोकल्याला खोकल्याचं. कोणी दारू पिऊन आलेलं नव्हतं, कोणी कोणाला हाकललं नव्हतं. दवाखाना झाडलेला, पंखे चालू, सगळे गोड बोलणारे. एका बाईचे चार तुकडे करून चार खोल्यांत बसवले होते, आणि चारही खोल्यांत काळजीचं कारण नव्हतं. रोग रेड्याला नि औषध पखालीला अशी म्हण आहे. इथे रेडा कुठाय हे बघायला कोणी गोठ्यातच शिरलं नाही.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट संध्याकाळी घडायची. दुकान बंद करताना ताई स्टुलावर बसून ठरवायची, उद्या कुठलं दुखणं न्यायचं. बाहेर जाताना कुठला कपडा घालायचा, तसं.

"खोकला नेऊ का पाठ?" ती विचारायची. "पाठ मागच्या वेळी नेली होती. सारखी पाठच नेली तर त्यांना वाटेल, बाई नाटकी आहे."

"अगं ताई, सगळं एकदम सांग ना."

"एकदम कसं सांगणार? पाटी आहे."

"पाटीला काय तोंड आहे तुला अडवायला?"

"मागे केवढी माणसं बसलेली असतात, धाकटे. कोणाच्या मांडीवर तापलेलं पोर असतं. मी आपलं सगळं गाठोडं सोडून बसले तर त्यांनी काय करायचं?"

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नसायची. हेच धाकटीला सहन होत नसे. सज्जन माणसाला फसवायला लबाड लागत नाही, एक स्वच्छ अक्षरातली पाटी पुरते, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. तिला वाटायचं, ताई आहेच अशी. आणि ताई आहेच अशी म्हणून ती गप्प बसली. पुढे या गोष्टीसाठी तिने पाटीइतकाच स्वतःलाही दोष दिला, पण तो दोष तिने स्वतःपाशीच ठेवला.

मग गठ्ठ्याचं झालं.

लॉन्ड्रीत एक रीत असते. एका घरातून आलेले कपडे एका खुणेचे. प्रत्येक कपड्याच्या आतल्या कडेला त्या घराच्या रंगाचा दोरा, दोन टाके. धुवायला वेगवेगळे जातील, पांढरे पांढऱ्यांत, गडद गडदांत, पण परत येताना सगळे पुन्हा एका गठ्ठ्यात. एक रुमालसुद्धा दुसरीकडे जाता कामा नये. दुकान उघडल्यापासून ताईच्या हातून एकही रुमाल दुसरीकडे गेलेला नव्हता.

त्या दिवशी एक बाई गठ्ठा घेऊन परत आल्या. आत कोणाच्या तरी उशीचे अभ्रे, कोणाची पँट, हॉटेलातल्या एका वेटरचा कोट. त्यांचं स्वतःचं काहीच नाही. धाकटीने माफी मागितली, गठ्ठा घेतला, मागे वळली. ताई टेबलापाशी उभी होती. हातात एक हिरव्या टाक्यांचा शर्ट आणि एक लाल टाक्यांचा, आणि ती दोन्हीकडे आळीपाळीने बघत होती.

"हे एकाच घरचे ना गं?" तिने विचारलं.

धाकटीने दोन्ही शर्ट तिच्या हातून काढून घेतले.

त्याच पावली ती दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, बहिणीला बरंच काही होतंय, सगळं एकदम सांगायचंय, काय करू? बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सहानुभूतीने ऐकलं आणि सांगितलं, आठवडाभर रोज या, रोज एक सांगा. धाकटीने विचारलं, आणि तोवर काही झालं तर? बाई म्हणाल्या, मग त्याचं तातडीचं टोकन मिळतं. तेही एकच.

धाकटी परतली ती थेट शेजारी, काकांच्या टपरीत. काका कुलूप खोलून बसले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, कानातली काडी काढली.

"एका माणसाला एकच टोकन ना?"

"हो."

"मग माणसं वाढव," काका म्हणाले. "कुलूप आतून लागलं की मी दार फोडत नाही. खिडकी बघतो."

चारही

खोलीत एकच खुर्ची. तिच्यावर ताईला बसवलं. मागे तिघं उभे राहिले. डॉक्टर तेच, पाठीचे पहिले. त्यांनी चार टोकनं बघितली, चार माणसं बघितली.

"एकेक करून या," ते म्हणाले.

"एकेक करूनच आलो होतो," धाकटी म्हणाली. "इतके दिवस."

"बाई, बाहेर गर्दी आहे."

"चार जणांचा वेळ घेतलाय आम्ही. रीतसर." तिने चारही टोकनं टेबलावर एकाला एक लावून ठेवली. "आणि चौघं मिळून एकच बोलणार आहोत. हिची पाठ दुखते, मधोमध, निजल्यावर जास्त, कूस बदलताना ओरडते, आणि जिचा कधी आवाज ऐकला नाही ती ओरडते, त्यावर तुमची गोळी रोज सकाळ-संध्याकाळ चालू आहे, अजून चालू आहे, कोणी थांबवलीच नाही, आणि रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्यांनी तसूभर वाढलं नाही, आणि खोकला जातो आणि येतो, जातो आणि येतो, आणि उशाशी तांब्या भरून ठेवला तरी पुरत नाही इतकी तहान, आणि साखर नाही, पोट साफ होत नाही, कपडे ढगळ व्हायला लागलेत, मी तिच्या स्कर्टची कंबर दोनदा आत घेतलीय, आणि काल तिला हिरवा आणि लाल दोरा वेगळा ओळखता आला नाही, तिला, जिने सगळ्या गावाचे रुमाल ओळखले. हे सगळं एकाच बाईला होतंय, डॉक्टर. एकाच."

श्वास घ्यायला ती थांबली. भाऊजी हळूच म्हणाले, "आणि थकवा." त्यांना सांगितलेलं तेवढंच होतं, आणि ते राहून जाईल याची त्यांना धास्ती होती.

काका खोकले नाहीत.

डॉक्टरांच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते हललं नाही. थोड्या वेळाने त्यांनी ते खाली ठेवलं, उठले आणि टेबलाला वळसा घालून ताईच्या मागे आले. "जरा पुढे वाकता?" म्हणाले. आणि बोटांच्या गाठींनी, दारावर थापावं तसं, मणक्यावर एकेक ठिकाणी ठोकत खाली आले.

एका जागी ताई कळवळली. मग लगेच म्हणाली, "काही नाही, काही नाही."

डॉक्टर परत जाऊन बसले. चेहरा पार उतरला होता. "मला हे कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत," धाकटी म्हणाली. "आणि आम्हाला सांगायची बंदी होती. तुमच्याच भिंतीवर."

डॉक्टरांनी चारही टोकनं बाजूला सारली. एकदा दाराकडे बघितलं, जणू ती पाटी दारातून आत येऊन साक्ष देणार होती. मग मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली आणि पाठीची गोळी आजपासून बंद, एकही घेऊ नका, असं दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा बजावताना त्यांना ताईकडे बघवलं नाही. धाकटीला क्षणभर त्यांची दया आली. तिला त्याचाही राग आला.

निघताना ताईने उठता उठता त्यांना विचारलं, "तुमचा फार वेळ घेतला का हो?"

मोठं रुग्णालय

हाडांच्या आतल्या मगजात रोग होता. मगज म्हणजे जिथे रक्त बनतं ती जागा. तिथल्या डॉक्टरीणबाई खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि दोघी बहिणींना एकत्र समजावून सांगितलं. तो हाड आतून पोखरतो, म्हणून पाठ. रक्त बनू देत नाही, म्हणून थकवा. अंगाची राखण करणाऱ्या पेशी बिघडवतो, म्हणून खोकला परतून येतो. पोखरलेल्या हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं, म्हणून तहान, म्हणून पोट, म्हणून तो डोक्यातला गोंधळही.

एकाच घरचे कपडे. धाकटीला वाटलं, दोरा किती साधा होता. कोणी कड उलटून बघितली नव्हती एवढंच.

"ही दुखण्याची गोळी किती महिने घेतली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धाकटीने सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. या आजारात किडनीवर आधीच ताण असतो, त्या म्हणाल्या, आणि त्यात ही गोळी. आता किडनी सांभाळत सांभाळत पुढचे उपचार द्यावे लागतील. देता येतील तेवढे. आजार पुरता जात नाही, पण वेळेवर सापडला तर माणूस बरीच वर्षं चांगला जगतो.

"थोडं लवकर आला असतात..."

"आम्ही लवकरच आलो होतो," धाकटी म्हणाली. "तुकड्यातुकड्याने आलो."

दुसऱ्या दिवशी ती जुन्या दवाखान्यात गेली. मुद्दाम दुकान बंद ठेवून, चांगले कपडे घालून. व्यवस्थापकांना भेटायचंय म्हणाली. कशासंबंधी? तक्रार आहे. काउंटरवरच्या बाईंचा हात सवयीने यंत्राकडे गेला. मग दोघींनाही ते दिसलं आणि बाईंनी हात मागे घेतला.

व्यवस्थापक सभ्य होते. त्यांनी पाणी विचारलं. म्हणाले, नियम रुग्णांच्याच सोयीसाठी आहे, पूर्वी एकेका रुग्णाला अर्धा अर्धा तास लागायचा, लोक ताटकळायचे. नियम आल्यापासून रांग निम्मी झाली. त्यांनी हे अभिमानाने सांगितलं आणि ते खरंही असावं. धाकटी म्हणाली, रांग निम्मी झाली कारण माणसंही निम्मी करून आत सोडता तुम्ही. तक्रारीची योग्य ती दखल घेतली जाईल, असं ते म्हणाले.

दखल घेतली गेली. काका गुडघा दाखवायला गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं. जुन्या पाटीखाली नवीन पाटी लागली होती, तशीच निळी, तशीच स्वच्छ. 'एका टोकनवर एकाच व्यक्तीस प्रवेश.'

"खिडकी बुजवली त्यांनी," काका म्हणाले. मग बराच वेळ एकच किल्ली घासत राहिले. ती केव्हाच बसती झाली होती.

सकाळ

रुग्णालयात डॉक्टरीणबाई रोज सकाळी येत. खाटेमागून खाट. प्रत्येक खाटेशी स्टूल ओढून बसत. बसल्याशिवाय बोलत नसत. धाकटीला ते आवडायचं. तिला वाटायचं, ते स्टूलच कोणीतरी उचलून जुन्या दवाखान्यात नेऊन आपटावं.

त्या सकाळी त्या ताईजवळ बसल्या. "काय काय त्रास होतोय? सगळं सांगा. मी ऐकतेय."

ताईने समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंत कोरी होती. तरी ती जरा थांबली, आतल्या आत काही उचललं, काही परत ठेवलं, आणि म्हणाली, "थोडं मळमळतंय."

"आणखी काही?"

"नाही. तेवढंच."

डॉक्टरीणबाईंनी मळमळीचं औषध सांगितलं, खांद्यावर थोपटलं आणि स्टूल शेजारच्या खाटेकडे नेलं.

धाकटी चादर नीट करायला वाकली. पायथ्याकडची चादर ताईच्या पायाखाली अडकली होती. "पाय उचल जरा," ती म्हणाली. पाय उचलला गेला नाही. तिने वर बघितलं.

ताई गुपित सांगावं तशी हलकेच म्हणाली, "कालपासून जड झालेत. बधिर झाल्यासारखे वाटतात. ते उद्या सांगणार आहे मी. उद्यासाठी ठेवलंय."

धाकटीच्या हातातून चादर सुटली. दोन पावलांत ती शेजारच्या खाटेपाशी होती, डॉक्टरीणबाईंची बाही तिने मुठीत धरली होती आणि दुसऱ्या हाताने ती ताईच्या पायांकडे दाखवत होती. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि स्टूल तिथेच टाकून उठल्या. ताईच्या पायांवरची चादर दूर केली, नर्सला हाक मारली, मणक्याचा फोटो आत्ता, आत्ताच्या आत्ता, असं काहीतरी म्हणाल्या. मग खिशातलं पेन काढून त्याचं बोथट टोक ताईच्या तळव्यावरून टाचेपासून बोटांपर्यंत ओढत नेलं.

"हे कळतंय?" त्यांनी विचारलं. "आणि हे?"

ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला कळलंच नाही की कोणी पायाला हात लावलाय. ती मान वळवून शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडे बघत होती, ज्या उठून, केस सारखे करून, आपली पाळी येणार म्हणून तयार बसल्या होत्या, आणि ज्यांच्यापुढचं स्टूल आता रिकामं होतं.

"माफ करा हं," ताई त्यांना म्हणाली. "नंबर तुमचा होता."